सोमवारपासून कामाला या!

मुलगा बोर्डाच्या परीक्षेला बसला, की आपल्या घराघरांतून एकच चौकशी सुरू होते : या पोराचा कल कशाकडे आहे? आजोबा पत्रिका उघडून बसतात, मामा आपल्या साहेबांच्या चिरंजीवांचा दाखला देतात, आणि हल्ली तर पैसे भरून कलचाचणी करून घेण्याचीही सोय झाली आहे. तासभर कागदावर खुणा केल्या, की तुमच्या अंगी कोणता गुण आहे याचे प्रमाणपत्र हाती! ते हाती पडल्यावर पोरगा पुढे काय करतो, हा प्रश्न अलाहिदा. पण माणसाच्या अंगचा गुण असा बसल्या जागी, खुर्चीत टेकून सापडतो काय?

ख्रिस्ती समाजात हा प्रश्न आपल्याहूनही जुना आहे, आणि तेथे त्याला धर्माचे वळण आहे. त्यांच्याकडे त्याला कृपादान म्हणतात. संत पौलाने करिंथ आणि रोम या शहरांतील मंडळ्यांना जी पत्रे लिहिली, त्यांत या दानांची चक्क मोजदाद केली आहे. कोणाला शिकवण्याचे दान, कोणाला रोग बरे करण्याचे, कोणाला नुसती दया करण्याचे, कोणाला कारभार सांभाळण्याचे! शरीराला जसे हात, पाय, डोळे निरनिराळे, तशी मंडळीत माणसे निरनिराळी, असा त्याचा दृष्टान्त. आणि त्यात एक मेख मारून ठेवली आहे. हे दान ज्याला मिळते त्याच्या उपभोगासाठी ते नसते. ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडण्यासाठी असते. तेव्हा ‘माझे दान कोणते?’ हा विचार भाविक ख्रिस्ती माणसाला अधूनमधून छळतोच. अमेरिकेत तर त्यासाठी छापील प्रश्नावल्याही निघाल्या आहेत. म्हणजे तेथेही कलचाचणी आलीच!

परंतु ज्यांच्या हातून खरोखर मोठी कामे झाली अशा मिशनऱ्यांची चरित्रे वाचू लागलो, तर गंमत दिसते. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपले दान आधी ठाऊकच नव्हते. कित्येकांना ठाऊक होते ते चुकीचे होते. आणि एकदोघे तर जे दान पुढे त्यांच्या पदरी पडले, त्याच्यापासून जिवाच्या आकांताने पळत होते.

मिशनरी हा शब्द आपल्या कानाला सरळ लागत नाही, हे खरे. धर्मांतराच्या वादाचे जुने वळ त्या शब्दावर आहेत, आणि ते वाद सगळेच पोकळ होते असे कोणी म्हणू नये. सेवा करा, पण सेवेच्या आडून धर्म वाढवू नका, असे खुद्द गांधीजींनी या मंडळींना रोखठोक सुनावले होते. तो वाद त्याच्या जागी राहो. येथे सांगायच्या आहेत त्या काही माणसांच्या हकीकती, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच गावच्या. ते गाव म्हणजे तमिळनाडूतील वेल्लोर. आपल्यापैकी कोणाकोणाच्या घरची माणसे दुखण्याच्या निमित्ताने तेथे जाऊन आली असतील. त्या अवाढव्य इस्पितळाच्या मुळाशी एक मुलगी आहे, आणि त्या मुलीला हिंदुस्थानात राहायचे नव्हते!

इडा स्कडर हिचा जन्म १८७० चा, रानीपेटचा. घराणे मिशनऱ्यांचे, त्यातून डॉक्टरांचे. आजोबा जॉन स्कडर १८१९ साली अमेरिकेहून निघाले. वैद्यकी करणारे ते पहिले अमेरिकन मिशनरी. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी तोच मार्ग धरला. इडेचे वडीलही डॉक्टर. पण इडेच्या मनात या देशाची जी पहिली आठवण रुतून बसली होती, ती दुष्काळाची. १८७७ सालचा तो मोठा दुष्काळ. सहासात वर्षांची ही पोर अंगणात जमलेल्या भुकेल्या मुलांना भाकरीचे तुकडे वाटत होती, आणि काही मुलांच्या अंगी तुकडा तोंडापर्यंत नेण्याचीही ताकद उरली नव्हती. पुढे ती शिक्षणासाठी अमेरिकेस गेली, तेथे रमली, आणि स्कडर घराण्यातली एक तरी मुलगी मिशनरी होणार नाही, असे तिने मनाशी पक्के केले.

आई आजारी पडली म्हणून तिला तिंडीवनम या गावी परत यावे लागले. वय विशीतले, देखणी, हसरी. आईला बरे वाटले की परत अमेरिका, चांगलेसे लग्न आणि आपले घर, एवढाच बेत. आणि मग ती रात्र आली. वेल्लोरच्या लोकांनी ती इतक्या वेळा सांगितली आहे, की तिला आता पुराणकथेचा रंग चढला आहे. पण घडली ती अगदी साधी गोष्ट.

एक ब्राह्मण तरुण दाराशी आला. बायको अडली होती, सुइणीने हात टेकले होते. इडा म्हणाली, मला यातले काही कळत नाही, पण वडील डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन जा. तो तरुण मान हलवून निघून गेला. परपुरुषाने आपल्या बायकोला हात लावायचा? त्यापेक्षा ती गेलेली बरी! थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आला. तीच विनंती, तोच नकार. आणि त्याच रात्री तिसरा माणूस, पुन्हा एक वरच्या जातीचा हिंदू. तिघांच्याही बायका अडलेल्या, आणि तिघांनाही डॉक्टर हवा होता, पण बाई डॉक्टर. इडेला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गावातून अंत्ययात्रेचे ढोल ऐकू आले. तिने नोकराला चौकशीला पाठवले. तिन्ही बायका रात्रीत गेल्या होत्या.

त्या रात्री इडेला आपले दान सापडले, असे लिहिण्याचा मोह होतो. पण सापडायला जवळ होते काय? वैद्यकीची तिला आवड नव्हती, शिक्षण नव्हते. त्या रात्री तिला एक उणीव दिसली, आणि ती भरून काढायला दुसरे कोणी दिसेना. ती आईवडिलांना म्हणाली, मी अमेरिकेस जाते, डॉक्टर होऊन येते. १८९९ साली ती कॉर्नेल येथून पदवी घेऊन बाहेर पडली. स्त्रियांना प्रवेश मिळालेली तेथली ती अगदी पहिली मंडळी. निघण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या एका धनिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले, आणि १९०० सालच्या आरंभी इडाबाई वेल्लोरला आल्या. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करू हा भरवसा होता. तर काही महिन्यांतच वडील वारले. बंगल्यातल्या एका खोलीत एक खाट टाकून त्यांनी काम सुरू केले. १९०२ मध्ये इस्पितळ उभे राहिले. पुढे गावोगाव जाण्यासाठी मोटार आली, आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली दवाखाना भरू लागला.

आता खरी गोष्ट पाहा. इडाबाई शस्त्रक्रियेत निष्णात झाल्या, पण त्यांचे दान त्याहून निराळे निघाले. एका बाईने जन्मभर दिवसरात्र राबले, तरी अडलेल्या बायका कितीशा वाचणार? हा हिशेब त्यांच्या लवकर ध्यानात आला. त्यांनी १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा काढली आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. मुली मिळतील कोठून, अशी मद्रासच्या बड्या अधिकाऱ्यांनाही शंका होती. पहिल्या तुकडीतील चौदा मुली १९२२ साली शेवटच्या परीक्षेस बसल्या आणि चौदाच्या चौदा उत्तीर्ण झाल्या! दुसऱ्याला शिकवून उभे करणे, आणि त्यासाठी जगभर पदर पसरून पैसा आणणे, हे त्या बाईंचे दान. सत्तरीत असताना, ऐन महायुद्धाच्या काळात, त्या अमेरिकेत गावोगाव फिरून शाळेचे कॉलेज व्हावे म्हणून निधी जमवत होत्या. १९४७ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. ‘डॉ. इडा, इंडिया’ एवढ्याच पत्त्यावर टाकलेले पत्र बिनचूक वेल्लोरला पोचले, असे सांगतात. १९६० साली त्या वारल्या तेव्हा वय होते एकोणनव्वद.

इडाबाई निवृत्त होत होत्या त्याच सुमारास, १९४६ च्या अखेरीस, वेल्लोरला एक तरुण इंग्रज सर्जन दाखल झाला. त्याचे नाव पॉल ब्रँड. याची कथा तर मला कलचाचणी घेणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ठेवावीशी वाटते.

पॉलचा जन्म १९१४ चा, सेलमजवळच्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. वडील जेसी ब्रँड हे पूर्ण डॉक्टर नव्हते. उष्ण देशांतील रोगांचा वर्षभर अभ्यास करून आलेले. दाराशी नारूचे, गळवांचे, सडक्या जखमांचे रोगी येत. ते पू, ते रक्त पाहून लहानग्या पॉलच्या मनात डॉक्टरकीची शिसारी बसली. एकदा तीन अनोळखी माणसे आली. वडिलांनी मुलांना दूर पिटाळले, हातात मोजे चढवून त्यांच्या जखमा बांधल्या. ते कुष्ठरोगी होते. त्या काळी आपण त्याला सरसकट महारोग म्हणत असू, आणि त्या शब्दासरशी माणसे दार लावून घेत.

नवव्या वर्षी पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. १९२९ साली वडील तापाने गेल्याची तार तेथे आली. तार विजेच्या वेगाने आली, टपाल मात्र बोटीने. त्यामुळे वडील गेल्यावरही कितीतरी दिवस वडिलांची पत्रे येत राहिली. पुढे एका नातलगाने वैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. पॉलने साफ नकार दिला. त्याला मिशनरीच व्हायचे होते, पण घरे बांधणारा मिशनरी! म्हणून तो गवंड्याच्या, सुताराच्या हाताखाली उमेदवारीला राहिला. वीट, चुना, लाकूड, छप्पर, सारे हाताने शिकला. चारपाच वर्षे त्यात घालवून तो मिशनच्या दारी गेला, तर मिशनने त्याला घेतले नाही.

मग करायचे काय? वडिलांप्रमाणेच उष्ण देशांतील रोगांचा वर्षभराचा अभ्यासक्रम करावा म्हणून तो एका संस्थेत गेला. तेथे असताना इस्पितळात एका मरणोन्मुख स्त्रीला परक्याचे रक्त देऊन डॉक्टरांनी परत आणताना त्याने पाहिले. पांढऱ्याफटक गालांवर रंग चढताना त्याने पाहिला आणि लहानपणची शिसारी कोठल्या कोठे गेली. ‘आपण डॉक्टर व्हायचे’, हे त्याला कळले ते असे. तरी मधल्या चारपाच वर्षांचा सल राहिलाच असणार. सुताराचा रंधा आणि गवंड्याचा ओळंबा यांचा डॉक्टरला काय उपयोग?

वेल्लोरला आल्यावर १९४७ साली तो चिंगलपटच्या, म्हणजे आजच्या चेंगलपट्टूच्या, कुष्ठधामात गेला. तेथील प्रमुख डॉ. कॉक्रेन हे त्वचारोगाचे जाणते. आवारात जागोजाग वाकड्या बोटांचे, पंजासारख्या आखडलेल्या हातांचे लोक. हाडांचे आणि सांध्यांचे डॉक्टर या हातांसाठी काही करत नाहीत काय, असे ब्रँड यांनी विचारले. उत्तर मिळाले, या रोगाकडे आजवर एकही हाडवैद्य फिरकलेला नाही. ब्रँडनी एका रोग्याच्या आखडलेल्या हातात आपला हात दिला आणि सांगितले, दाब. त्याने दाबला, आणि ब्रँड कळवळून ओरडले!

या एका कळेत सारा शोध होता. हात मेलेला असता तर एवढी पकड आली कोठून? म्हणजे सगळे स्नायू गेलेले नाहीत. काही गेले आहेत, काही शाबूत आहेत. पुढच्या तपासणीत दिसून आले, की रोग मज्जातंतूंना धरतो तो ठराविक ठिकाणी, कोपराजवळ, मनगटाजवळ, जेथे ते कातडीच्या अगदी जवळून जातात. त्यामुळे पंजातले बारीक स्नायू निकामी होतात, पण कोपराखालचे मोठे स्नायू धडधाकट राहतात. मग त्या धडधाकट स्नायूचा एक दोर, म्हणजे स्नायुबंध, काढून वेगळ्या वाटेने बोटाला जोडला तर? १९४८ मध्ये ब्रँडनी तशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. कुष्ठरोग्याचे मांस सडके, टाका धरणार नाही, असा तोवर समज होता. जखमा चांगल्या भरून आल्या, बोटे उघडली.

दोर कोठून घ्यायचा, कोणत्या कोनातून ओढायचा, ताण किती ठेवायचा, ही कामे पुस्तकापेक्षा कारागिराच्या बोटांना अधिक कळतात. मिशनने नाकारलेला तो सुतार आता हातात सुरी घेऊन उभा होता.

दुसरा शोध याहून विलक्षण. बोटे झडतात कशी? रोगानेच कुजून गळतात, असे सारे जग मानत आले होते. एके दिवशी ब्रँड एक कुलूप उघडायला धडपडत होते. गंजलेले कुलूप, किल्ली फिरेना. शेजारी उभा असलेला एक रोगी मुलगा म्हणाला, आणा इकडे. आणि त्याने एका झटक्यात किल्ली फिरवली. एवढेसे पोर, एवढी ताकद? ब्रँड पाहतात तो जमिनीवर रक्ताचे थेंब! त्या मुलाचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि त्याला पत्ताच नव्हता. ताकद त्याच्यात तुमच्याआमच्यापेक्षा जास्त नव्हती. तुम्हीआम्ही दुखू लागताच थांबतो. त्याला थांब म्हणणारे कोणी नव्हते.

तेथून त्यांनी एकेका जखमेचा माग काढायला सुरुवात केली. कोणी गरम भांडे तसेच उचललेले, कोणाच्या पायात खिळा घुसलेला, कोणी हातोड्याच्या खडबडीत दांड्याने तळवा सोलून घेतलेला. तरी काही बोटांचा हिशेब लागेना. रात्री निजताना असलेला बोटाचा तुकडा सकाळी नाहीसा! अखेर रात्री पहारा ठेवला, तेव्हा चोर सापडला. उंदीर. निजलेल्या माणसाची बोटे उंदीर कुरतडून नेत, आणि माणसाला जाग येत नसे. त्यानंतर रोगी घरी जायला निघाला, की त्याच्याबरोबर एक मांजर द्यायचे अशी पद्धत पडली. शस्त्रक्रियेच्या इतिहासात मांजराला मिळालेले हे बहुधा एकमेव स्थान!

रोग नव्हे, तर वेदनेचा अभाव माणसाला पंगू करतो, हे ब्रँडनी जगाला पटवून दिले. दुखणे हे ईश्वराचे देणे आहे, असे ते पुढे व्याख्यानांतून सांगत. आपल्याला हे ऐकून चमत्कारिक वाटेल, पण तो किल्लीचा मुलगा आठवला, की त्यांच्याशी वाद घालवत नाही.

एक अडचण मात्र त्यांनी कल्पनेतही आणली नव्हती. बोटे सरळ झालेले काही रोगी परत आले आणि कुरकुरू लागले : डॉक्टरसाहेब, या हातांना कोणी भीक घालीत नाही! हात भीक मागण्याजोगे राहिले नाहीत, आणि काम तर कोणी देईना. तेव्हा १९५१ साली इस्पितळाच्या आवारात मातीच्या भिंतींच्या झोपड्यांचे एक छोटे वसतिस्थान उभे राहिले. तेथे या मंडळींना लाकडी खेळणी करायला शिकवायचे होते. मास्तर कोण? अर्थात डॉ. ब्रँड! रंधा कसा धरावा, करवतीने बोट कसे वाचवावे, हे एका सर्जनने आपल्या रोग्यांना शिकवले. फुकट गेलेली ती चारपाच वर्षे अशी व्याजासह परत आली.

ब्रँड यांच्या पत्नी मार्गारेट याही डॉक्टर. त्या वेल्लोरला आल्यावर त्यांना नेत्रविभागात काम करण्याविषयी विचारणा झाली. त्यांनी प्रांजळपणे कळवले, की मला डोळ्यांतले काहीही कळत नाही. उत्तर आले ते थोडक्यात असे : शिकाल. सोमवारपासून कामाला या! आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत असे उत्तर मिळाले असते, तर आपण त्याला अंदाधुंदी म्हटले असते. पण बाई सोमवारी गेल्या. मोतीबिंदू काढता काढता शिकल्या. कुष्ठरोग्याच्या पापण्या मिटत नाहीत, पापणी लवत नाही म्हणून डोळा सुकतो आणि अखेर आंधळा होतो, हे त्यांनी बारकाईने अभ्यासले. आणि कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांच्या जाणकार म्हणून जगभर त्यांचे नाव झाले. त्या दिवशी त्यांनी ‘माझा कल तिकडे नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे ठरवले असते तर कोणीही दोष दिला नसता.

पण सगळ्यांच्याच वाट्याला अशी हसतखेळत आलेली देणगी येत नाही. डॉ. मेरी व्हर्गीस या कोचीनकडील तरुण डॉक्टरीणबाई वेल्लोरलाच काम करत होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे हे त्यांचे ठरलेले होते. १९५४ च्या जानेवारीत मोटारीला अपघात झाला. चेहऱ्यावर खोल जखम, आणि पाठीचा कणा दुखावून कमरेखालचे सारे शरीर लुळे. वय अवघे अठ्ठावीस. आपले आयुष्य संपले, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. कित्येक महिन्यांनी ब्रँडनी त्यांच्यापुढे एक गोष्ट ठेवली : पाय गेले, पण हात शाबूत आहेत ना? हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. आणि मेरीबाई चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. रोगी पाहात, की आपल्याला चालता तरी येते. या डॉक्टरीणबाईंना तेही येत नाही, आणि त्या आपली बोटे दुरुस्त करताहेत! पुढे त्या परदेशी जाऊन अपंगांच्या पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या. १९६६ साली वेल्लोरला त्यासाठी संस्था उभी राहिली, तिचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १९७२ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. अपघात झाला म्हणून बरे झाले, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. इतकेच, की स्त्रीरोगतज्ज्ञ भारताला पुष्कळ मिळाल्या असत्या. अपंगाला उठवून बसवणारी अपंग डॉक्टर दुसरी कोण मिळती?

एवढे डॉक्टर सांगितले, म्हणून वाचकांनी असे समजू नये की मिशनच्या कामात सापडणारे दान औषधाच्या पेटीतच असते. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे, आणि ते घराघरांत वाचले गेलेले आहे. लक्ष्मीबाई टिळक!

लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, नाशिककडच्या. माहेरचे सोवळे इतके कडक, की ते त्यांनीच सांगावे आणि आपण हसून हसून डोळे पुसावेत. लग्न झाले नारायण वामन टिळकांशी. कविमाणूस, मन लहरी, आज येथे तर उद्या तेथे. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मनातली जातीपातीची भिंत त्यांनी स्वतःशी झगडून, स्वतःच्या विचाराने पाडली, आणि मग स्वतःच्या निर्णयाने त्या ख्रिस्ती झाल्या. पुढची वर्षे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि राहुरीकडच्या मिशनच्या कामात गेली. घर कसले, धर्मशाळाच! दुष्काळात पोरकी झालेली मुले, आलेगेलेले, आजारी, विद्यार्थी. तरुण बालकवी ठोंबरे याच घरी मुलासारखे राहिले. टिळकांनी माणसे घरी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी ती पोसावीत, असा संसार.

या धबडग्यात लिहिणे-वाचणे कसले? टिळकांनी शिकवले तेवढे जुजबी अक्षरज्ञान. जोडाक्षरांशी त्यांचे वाकडेच. टिळक १९१९ साली गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभले होते, त्याचे दहाबारा अध्यायही झाले नव्हते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, साठाहून अधिक अध्याय लिहून! आणि ‘स्मृतिचित्रे’? मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, तेव्हा त्याला साहित्य म्हणून आईने आठवणी लिहून काढल्या. म्हणजे त्या आठवणी दुसऱ्याच्या पुस्तकाचा कच्चा माल होत्या. १९३४ पासून त्या पुस्तकरूपाने येऊ लागल्या, आणि मराठी वाचकाने पाहिले, की नवऱ्याच्या चरित्राची टिपणे म्हणून जे आले तेच आपल्या भाषेतले एक उत्तम आत्मचरित्र आहे. त्या लेखणीतला विनोद, ते माणसांना सांभाळून घेणे, ते कोणत्या शाळेत शिकल्या? त्या गजबजलेल्या ओसरीवर, दुसरे काय! साठीच्या पुढे गेल्यावर लक्ष्मीबाईंना आपण लेखिका आहोत हे कळले. १९३६ साली त्या वारल्या. म्हणजे कळल्यावर फार दिवस मिळाले नाहीत.

वयाचा विषय निघालाच आहे, तर वेल्लोरच्या सर्जनच्या आईकडे परत जाऊ. एव्हलिन ब्रँड या लंडनच्या सुखवस्तू घरातल्या. चित्रकला शिकलेल्या, उंची कपड्यांची हौस असलेल्या. जेसींशी लग्न करून त्या कोल्लीच्या डोंगरावर आल्या आणि तेथल्या मलेरियात, चिखलात, नारूच्या साथीत राहिल्या. पन्नाशीत वैधव्य आले. मिशनने पुढे त्यांना खाली मैदानात काम दिले. अडुसष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पुन्हा डोंगरावर पाठवा अशी विनंती केली. वयाकडे पाहून मिशनने नकार दिला. मिशनचेही काही चुकले असे मला वाटत नाही; सत्तरीला टेकलेल्या बाईला कोण डोंगरावर धाडील? म्हातारबाईंनी निवृत्ती पत्करली, आणि निवृत्त होऊन आपल्या जबाबदारीवर थेट डोंगर गाठला.

तेथे त्यांचे खरे काम सुरू झाले. तट्टावर बसून या गावाहून त्या गावाला जायचे, जखमा धुवायच्या, दात उपटायचे, टाकून दिलेली मुले सांभाळायची, नारूचा समूळ नाश कसा होईल ते लोकांना शिकवायचे. पडल्या, हाडे मोडली, ताप आले. पुढे पुढे दोन बांबूच्या काठ्या टेकत चालत. मुलगा आता नावाजलेला सर्जन. आई, आता तरी खाली ये, असा त्याचा आग्रह. तर आपण गेल्यावर या गावांकडे कोण बघणार, असा त्यांचा उलट सवाल. घरात आरसा म्हणून त्यांनी वीस वर्षे ठेवला नव्हता, असे पॉल ब्रँडनी लिहिले आहे. ज्या बाईला एकेकाळी रेशमाची आणि रंगांची एवढी आवड, तिने!

१९७४ साली, पंचाण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. वर डोंगरात जेसी ब्रँड यांची पंचेचाळीस वर्षांपूर्वीची कबर होती. तिच्याशेजारीच त्यांना पुरले.